माशेलच्या घरातली वाजणारी पेटी: किंमत काढण्याच्या नोंदी

पेटी सिलिंडरची, स्वित्झर्लंडमध्ये बनलेली: सिलिंडर फिरला की त्यावरच्या पिना पोलादी फणीचे दात छेडतात आणि ठरलेल्या चाली वाजतात. ती माशेलच्या एका जुन्या घराच्या आतल्या खोलीत, सागवानी कपाटात होती. वाटणी तीन भावंडांत. गोव्यात वारसांची इन्व्हेंटरी होते तेव्हा घर आणि भाटाबरोबर (बागायतीबरोबर) जंगम वस्तूही यादीत येतात आणि प्रत्येक वस्तूसमोर आकडा लिहावा लागतो. एका भावाचं म्हणणं पडलं, "दीडशे वर्षांची आहे, लाखांत जाईल." दुसरा म्हणाला, "नीट वाजतसुद्धा नाही, पाचशे लिहा." खरा आकडा कसा काढला ते तारखांनुसार खाली दिलं आहे. अशीच पेटी कोणाच्या घरी असेल तर क्रम हाच ठेवा, फक्त आमच्या तीन चुका टाळा.

3 ऑक्टोबर 2024: फोटोंवरून पहिला अंदाज

फोनवर सहा फोटो आले. आधी ठरवायचं होतं ते एवढंच, की पेटी एकोणिसाव्या शतकातली आहे की नंतरची भेटवस्तू. भेटवस्तूच्या पेटीत बहुधा 18 दातांची छोटी फणी असते. विसाव्या शतकातल्या चांगल्या स्विस पेट्यांत 36, 50 किंवा 72 दात असतात, पण सिलिंडर आखूड असतो. इथे सिलिंडर वीतभरापेक्षा लांब दिसत होता. चावी द्यायला डाव्या बाजूला दांडा होता, आत काचेचं दुसरं झाकण होतं आणि मुख्य झाकणाच्या आतल्या बाजूला चालींचा छापील कागद चिकटवलेला होता. स्क्रू सगळे सरळ खाचेचे होते. क्रॉस खाचेचा स्क्रू 1930 नंतरचा, त्यामुळे तो दिसला असता तर मधे कोणीतरी हात घातला आहे हे कळलं असतं.

फोटो मोठा करून दात मोजले: 75, सगळे शाबूत. त्यावर एक किंमतही लिहून ठेवली.

चूक 1: फोटोवरून दात मोजू नयेत. का ते 11 तारखेच्या नोंदीत आहे. तोवर त्या किमतीच्या भरवशावर दोन फोन होऊन गेले होते आणि मोठ्या भावाच्या डोक्यात आकडा बसला होता. तो काढायला नंतर बराच वेळ गेला.

6 ऑक्टोबर: पेटीसमोर, पण चावी न देता

जुनी पेटी समोर आली की हात आधी दांड्याकडे जातो. तो आवरायचा.

कारण असं. डाव्या बाजूच्या पितळी डब्यात स्प्रिंग असते. तिचा जोर सिलिंडरला फिरवतो, आणि उजव्या टोकाचा गव्हर्नर त्याला आवरून धरतो. गव्हर्नर म्हणजे दोन-तीन चाकं, एक उभा आटेदार दांडा आणि त्याच्या डोक्यावर छोटा पंखा. स्प्रिंग भरलेली असताना हा गव्हर्नर सैल झाला, त्याचा दात तुटला किंवा कोणी "साफ करू या" म्हणून तो काढला, तर सिलिंडर सुसाट फिरतो. मग काही क्षणांत शेकडो पिना वाकतात आणि दातांची टोकं उडतात. अशा कित्येक पेट्या याच कारणाने मेल्या आहेत. स्प्रिंग पूर्ण उतरवलेली आहे याची खात्री नसेल तर गव्हर्नरचा आणि फणीचा एकही स्क्रू हलवायचा नाही. आत स्प्रिंग किती भरली आहे हे बाहेरून दिसत नाही, तेव्हा ती भरलेलीच आहे असं धरून चालायचं.

त्या दिवशी एवढंच केलं:

खोक्याचं माप 51 × 21 × 14 सेंमी. पुढची बाजू आणि झाकण रोजवूडच्या पातळ पट्टीने मढवलेलं, मधे फुलांची जडणी. बाजू आणि पाठ साध्या लाकडाच्या, रोजवूडसारख्या रेघा रंगवलेल्या. रंगवलेल्या बाजू म्हणजे कोणीतरी फसवलं असं नव्हे, मधल्या दर्जाच्या पेट्या मुळात तशाच येत. तळाला वाळवीची जुनी वाट होती, पण ती आता कोरडी आहे.

सिलिंडर 28 सेंमी लांब, व्यास 53 मिमी. व्हर्निअर (बारीक माप घ्यायचं साधन) पितळेला टेकवू नये, पिना वाकतात. टोकाच्या पिना नसलेल्या कडेवर मोजावं.

बेडप्लेट, म्हणजे सगळं यंत्र जिच्यावर बसवलेलं असतं ती पाटी, ओतीव लोखंडाची, वर निकेलचा मुलामा. जुन्या पेट्यांत ती पितळेची असते.

पंखा बोटाने हलवला नाही. भिंगातून पाहिलं तर आटेदार दांड्यावर पिवळट, घट्ट थर होता, समईच्या तळाशी जुनं तेल साचतं तसा. विचारल्यावर घरच्या आजींनी लगेच सांगितलं, "अहो, आमचे सासरे दर चवथीला खोबरेल घालायचे." पेटी का अडली ते कळलं. खोबरेल हवेत राहून चिकट होतं आणि थंडीत गोठतं. शिवणयंत्राचं तेलही इथे नको. पिना आणि दात यांना तर कुठलंच तेल नको.

कपाटातली आर्द्रता 84 टक्के.

8 ऑक्टोबर: सिलिका जेल

चूक 2. आर्द्रता कमी करायची म्हणून पेटी जाड प्लास्टिकच्या पिशवीत ठेवली, सोबत अर्धा किलो सिलिका जेल घातलं आणि तोंड बांधलं. दोन दिवसांत आतला काटा 84 वरून 39 वर आला. लोखंडाला हे चांगलं, लाकडाला नाही. पुढच्या डाव्या कोपऱ्यातली रोजवूडची पट्टी 4 सेंमी उचलली गेली. दीडशे पावसाळे दमट हवेत काढलेलं लाकूड एकदम सुकलं की आकसतं, आणि खालचा जुना सरस ताण सहन करत नाही.

योग्य रीत अशी: 100 ग्रॅम जेल कापडी पुरचुंडीत बांधून कपाटात ठेवावं, पेटीच्या खोक्यात नाही. दोन-तीन आठवड्यांत आर्द्रता हळूहळू 55 ते 60 वर आणावी. गोव्यात त्याखाली जाण्याचा हट्ट करू नये. जेल काढलं की ती पुन्हा 80 वर जाते, आणि लाकडाला ही वरखालीच जास्त मारते.

पट्टी सुताराकडून सरसानेच बसवून घेतली, 800 रुपये. फेव्हिकॉल नको असं त्याला आधीच सांगावं लागलं. सरस गरम पाण्याने पुन्हा सुटतो, फेव्हिकॉल सुटत नाही.

11 ऑक्टोबर, शुक्रवार: दात मोजणे

सकाळी म्हापशाच्या बाजारातून दंतवैद्याचा छोटा आरसा (120 रुपये) आणि भिंग (450) आणलं. तांत्रिक कामातला हा सर्वांत महत्त्वाचा दिवस, म्हणून सविस्तर.

फणीच्या लांबीची कागदाची पट्टी कापून फणीच्या मागच्या, जाड पोलादी बाजूवर ठेवली. डावीकडून, म्हणजे खर्जाच्या बाजूने, प्रत्येक दाताला टोकदार पेन्सिलने रेघ मारत गेलो. दर दहाव्या रेघेला आकडा. असं तीन वेळा, तीन वेगळ्या पट्ट्यांवर. तिन्ही पट्ट्या जुळल्या: 77.

फोटोत 75 दिसले कारण 9 आणि 10 क्रमांकाचे खर्जाचे दात मुळापासून तुटलेले होते. दोन शेजारचे दात एकत्र गेले की तिथे तुटकी जागा दिसत नाही, नुसती एक रुंद फट दिसते. त्यावर काचेची चमक पडली होती. एकटा दात गेला असता तर कदाचित फोटोतही लक्षात आला असता.

याशिवाय 31, 58 आणि 63 या दातांची टोकं उडालेली. दात आहे पण टोक नाही, म्हणजे पिन त्याच्यापर्यंत पोचतच नाही. वाजवताना हे ऐकू येत नाही, चालीत फक्त एक सूर कमी पडतो. म्हणून कानावर विसंबू नये, टोकं भिंगातूनच पाहावीत.

मग आरसा फणीखाली धरून शिशाची वजनं पाहिली. खर्जाच्या दातांना खालून शिशाचे ठोकळे चिकटवलेले असतात, सूर खाली आणायला. 3 ते 6 या चार दातांखाली ते शिसं पांढरं पडून फुगलं होतं, विड्याच्या चुन्याचा डबा उघडा राहिला की कडेला जो थर धरतो तसं. बंद लाकडी कपाटात लाकडातून निघणारी आम्लाची वाफ आणि दमट हवा एकत्र आली की शिशाचं असं होतं. फुगलेलं शिसं शेजारच्या दाताला टेकतं, सूर बिघडतो आणि आवाजात घरघर येते. ही पूड फुंकून उडवू नका. ती विषारी असते. हातमोजे घाला, ओल्या फडक्याने टिपा, फडकं पिशवीत बांधून टाका.

दातांचा हिशेब सिलिंडरवरून ताडून घेता येतो. 28 सेंमीत 77 दात म्हणजे एका दाताच्या वाट्याला सुमारे 3.6 मिमी. त्यात 8 चाली, म्हणजे चाल बदलताना सिलिंडर बाजूला सरकतो तो फक्त अर्ध्या मिमीच्या आसपास. म्हणून तेवढ्याच सिलिंडरवर 12 चाली असतील तर दात 50-55 वर येतात आणि संगीत पातळ होतं. "जास्त गाणी म्हणजे जास्त किंमत" हे उलटं आहे. तेवढ्याच लांबीत 6 चालींची पेटी 12 चालींच्या पेटीपेक्षा जवळजवळ नेहमी चांगली वाजते आणि जास्त भाव घेते.

पिना: टॉर्च जमिनीलगत धरून सिलिंडरवर आडवा प्रकाश टाकला. सरळ पिनांच्या सावल्या सारख्या लांबीच्या पडतात, वाकलेल्या पिनेची सावली लगेच वेगळी दिसते. वाकलेल्या पिना 40 च्या आसपास निघाल्या, सगळ्या उंच सुरांकडे, तीन सेंमीच्या पट्ट्यात. कागदात एक चौरस सेंमीची खिडकी कापून दहा ठिकाणी पिना मोजल्या, सरासरी 10. सिलिंडरचा पृष्ठभाग 465 चौरस सेंमीच्या आसपास, म्हणजे एकूण पिना साधारण साडेचार हजार. त्यातल्या 40 म्हणजे एक टक्काही नाही. किमतीत हे जवळजवळ मोजावंच लागत नाही.

14 ऑक्टोबर: गव्हर्नर मोकळा केला

घड्याळजी वापरतात ते स्वच्छ पेट्रोल, शिवणाच्या सुईच्या टोकाला येईल एवढंच. पडवीत, विडी-दिवा दूर ठेवून. एकही स्क्रू न हलवता पंख्याच्या वरच्या आणि खालच्या टेकूला आणि आट्यांना एकेक थेंब लावला, वीस मिनिटं थांबलो, लाकडी टूथपिकने चिकटा उचलला. असं सहा वेळा. पंख्याच्या वर एक छोटा रत्नखडा असतो, दांड्याचं टोक त्यावर टेकतं. तो फुटलेला नव्हता.

सहाव्या वेळेनंतर पंखा आपोआप फिरायला लागला आणि पेटीने चाल पुरी केली. म्हणजे स्प्रिंग भरलेलीच होती. 6 तारखेला कोणी गव्हर्नर काढला असता तर पेटी संपली असती.

पेट्रोल उडून गेल्यावर टेकूंना घड्याळाचं पातळ तेल, प्रत्येकी सुईच्या टोकाएवढं. सगळं मिळून अडीच तास.

17 ऑक्टोबर: चौथी आणि पाचवी चाल एकमेकांत मिसळते

वाजवल्यावर तीन चाली स्वच्छ आल्या. चौथीत मधेच पाचवीचे सूर घुसत होते. पहिला संशय आला की सिलिंडर सरकला आहे आणि काम मोठं आहे. तसं असतं तर किंमत निम्म्यावर आली असती.

भिंगातून पाहिलं. चाल बदलायला सिलिंडरच्या टोकाला पायऱ्यांची एक चकती असते, गोगलगाईच्या आकाराची. सिलिंडरमधली एक खुंटी त्या पायऱ्यांवर टेकते. चौथ्या पायरीवर खोबरेलाचा सुकलेला गोळा होता, कागदाच्या जाडीचा. अर्ध्या मिमीच्या खेळात तेवढं पुरे होतं. पिन दाताच्या मधोमध न लागता कडेला लागत होती. पेट्रोल लावलेल्या टूथपिकने पायरी साफ केली आणि आठही चाली वेगळ्या झाल्या. खर्च शून्य, वेळ पाऊण तास.

कोणी सांगितलं की "तुमच्या पेटीच्या चाली मिसळतात, म्हणून कमी देतो", तर आधी ही चकती बघा.

19 ऑक्टोबर: ऐकण्याची चाचणी

आठही चाली फोनवर रेकॉर्ड केल्या. एक चाल 52 सेकंदांची, सिलिंडरचा एक फेरा. पूर्ण चावीत पेटी साडेआठ मिनिटं चालते.

ऐकायचं तीन गोष्टींसाठी. पहिली, किरकिर. वाजून थरथरणाऱ्या दाताला पुढची पिन लागते तेव्हा किर्र असा आवाज येतो. तो येऊ नये म्हणून दाताखाली केसाएवढी पोलादी तार बसवलेली असते, ती डॅम्पर. उंच सुरांना काही पेट्यांत तारेऐवजी पिसाचा तुकडा असतो. आमच्या रेकॉर्डिंगमध्ये किरकिर 11 दातांवर मिळाली. दुसरी, घरघर: खर्जात, फुगलेल्या शिशामुळे. तिसरी, सबंध सिलिंडरचा खुळखुळाट. सिलिंडर आतून पोकळ असतो आणि पिनांची मुळं धरून ठेवायला आत राळेचा थर ओतलेला असतो. तो सुटला तर प्रत्येक सुराबरोबर झांजेसारखा कंप येतो, आणि दुरुस्ती फार महाग. आमच्या पेटीत तो नाही. ही राळ उष्णतेने मऊ होते, म्हणून पेटी उन्हातल्या गाडीच्या डिकीत ठेवू नका.

पेटी हलवायची असेल तर चाल संपल्यावरच. चाल संपते तिथे पिना नसलेली मोकळी पट्टी असते आणि दात अधांतरी असतात. चालीच्या मधे थांबवून गाडीत घातली तर रस्त्यावरच्या प्रत्येक धक्क्याला पिना दातांवर आदळतात.

23 ऑक्टोबर: वय आणि बनवणारा

चालींच्या कागदावरच्या आठ ओळींपैकी पाच वाचता आल्या, बाकी कसरीने खाल्ल्या आहेत. सहाव्या ओळीत 'फिय द मादाम आंगो' असं नाव. हे लकॉक या फ्रेंच संगीतकाराचं ऑपेरेट (हलकंफुलकं संगीत नाटक), ब्रुसेल्सला डिसेंबर 1872 मध्ये पहिल्यांदा झालं. म्हणजे पेटी त्याआधीची असू शकत नाही. कागदावरची सर्वांत नवी चाल शोधायची, ती पेटीच्या वयाची खालची मर्यादा. वाचता न आलेल्या चाली फोनच्या गाणं ओळखणाऱ्या ॲपने ओळखल्या नाहीत, पण मडगावच्या एका व्हायोलिन शिक्षकांनी रेकॉर्डिंग ऐकून दोन ओळखल्या. त्या दोन्ही 1872 पेक्षा जुन्या, त्यामुळे तारीख पुढे सरकली नाही.

दांड्याची चावी, निकेलचा मुलामा आणि ही चाल मिळून आम्ही 1875 ते 1890 लिहिलं. त्याहून नेमकं लिहिणं बरोबर ठरलं नसतं.

बनवणाऱ्याचं नाव फणीवर नाही, बेडप्लेटवर नाही, गव्हर्नरवरही नाही. बेडप्लेटवर फक्त आकडा ठोकलेला आहे. झाकणात मुंबईच्या एका दुकानाचं लेबल आहे. ते विकणाऱ्याचं, बनवणाऱ्याचं नव्हे. हा गोंधळ फार जण करतात. जिनेव्हाच्या निकोल फ्रेरसारख्या नावाचा ठसा असता तर क्रमांकावरून वर्षाच्या जवळ जाता आलं असतं आणि भावही वाढला असता. नाव नसलेल्या अशा पेट्या बहुतेक स्वित्झर्लंडमधल्या सेंत-क्रुआ गावाच्या परिसरातल्या. आम्ही "सेंत-क्रुआ भाग, बनवणारा अज्ञात" लिहिलं.

26 ते 30 ऑक्टोबर: भाव शोधणे, आणि चार दिवस वाया

चूक 3. विक्रीला लावलेल्या पेट्यांचे मागितलेले आकडे गोळा केले. कोणी अडीच हजार डॉलर मागतं, कोणी चार हजार. त्याची सरासरी काढून रुपये केले. मागितलेली किंमत म्हणजे भाव नव्हे. त्यातल्या कित्येक पेट्या वर्षानुवर्षं तशाच पडून असतात. सगळा तक्ता फेकून दिला.

नंतर फक्त लिलावात प्रत्यक्ष विकल्या गेलेल्या पेट्या घेतल्या. यांत्रिक संगीताच्या वस्तूंचे खास लिलाव जर्मनीत कलोनला ब्रेकर हे लिलावघर करतं, ब्रिटनमधल्या छोट्या लिलावघरांतही अशा पेट्या नियमित येतात. प्रत्येक नोंदीत तीन गोष्टी बघायच्या: सिलिंडरची लांबी, चालींची संख्या, तुटलेले दात. आणि लिहिलेला आकडा हातोडीचा (शेवटच्या बोलीचा) आहे की खरेदीदाराचं शुल्क धरून आहे. ते शुल्क सहज पाव हिस्सा असतं.

निष्कर्ष: 28 सेंमी, 8 चाली, नाव नाही, घंटा-ढोल नाहीत, असा साधा प्रकार धडधाकट असला तरी काही शे पौंडांचा. ज्यांच्या नावाने लाखांच्या गोष्टी ऐकू येतात त्या पेट्या वेगळ्या. जाड सिलिंडरच्या, ऑपेराची ओव्हर्चर (सुरुवातीचं वादन) वाजवणाऱ्या. किंवा सिलिंडर बदलता येणाऱ्या, सोबत स्वतःचं टेबल असलेल्या. किंवा एकाच सुराचे अनेक दात लावून मॅन्डोलिनसारखी झणकार देणाऱ्या. घंटा दिसतात म्हणून पेटी आपोआप भारी ठरत नाही. घंटा वाजवायला फणीतली जागा जाते.

आमच्या पेटीसारख्या, दोन दात नसलेल्या आणि डॅम्पर गेलेल्या पेट्या 250 ते 400 पौंडांत गेलेल्या दिसल्या.

30 च्या रात्री नरकासुर. गावातली सगळी मुलं रस्त्यावर होती. काम बंद.

6 नोव्हेंबर: जुनं गोवें

परदेशातला भाव इथे लागू होत नाही, याचं कारण कायद्यात आहे. 1972 च्या पुरावस्तू आणि कलानिधी कायद्यानुसार शंभर वर्षं किंवा त्याहून जुनी कलाकुसरीची वस्तू पुरावस्तूत मोडते, आणि खासगी व्यक्तीला ती देशाबाहेर पाठवता येत नाही. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचं गोवा मंडळाचं कार्यालय जुन्या गोव्यात आहे, तिथे जाऊन खात्री करून घेतली. 1872 नंतरची, म्हणजे पेटी शंभरीच्या पुष्कळ पलीकडे. पुरावस्तूंचा धंदा करणाऱ्याला परवाना लागतो. विकायची वेळ आली तर समोरच्याचा परवाना बघून घ्या.

याचा अर्थ खरेदीदार फक्त भारतातला, आणि दुरुस्तीही इथेच. "फणी एकटी काढून स्वित्झर्लंडला पाठवली तर?" असं धाकट्या भावाने विचारलं. फणी पेटीचाच भाग, म्हणून तो मार्ग सोडून दिला.

12 नोव्हेंबर: स्थानिक बोली

तीन ठिकाणी विचारलं. पहिल्याने पेटी न उघडता 12,000 सांगितले, लाकडाच्या खोक्याचे. दुसऱ्याने वाजवून 25,000. मुंबईच्या एका संग्राहकाला 77 दातांची यादी, आठ रेकॉर्डिंग आणि फणीखालचे फोटो पाठवले, त्याने 42,000 सांगितले. पेटी तीच, फरक फक्त माहितीचा. दोष स्वतःहून लिहिल्याने किंमत पडत नाही. माहिती नसली की घेणारा सर्वांत वाईट शक्यता धरून बोली लावतो.

18 नोव्हेंबर: दुरुस्ती करून विकावी का

नवा दात बसवण्याची रीत: तुटक्या जागी फणीच्या मुळात बारीक खाच कापतात, पोलादाची पट्टी कथलाच्या मऊ डागाने बसवतात आणि मग कानसून सूर लावतात. टोकाकडे कानसलं की सूर चढतो, मुळाकडे कानसलं की उतरतो. वेल्डिंग किंवा पितळेचा डाग कधीच नको. त्या आचेने शेजारच्या दातांचं पाणी (पोलादाचा कडकपणा) उतरतं आणि सूर मरतो. फोंड्यात एका वर्कशॉपने "दहा मिनिटांत वेल्ड करून देतो" सांगितलं. नम्रपणे पेटी परत आणली.

हे काम सफाईने करणारा हात गोव्यात मिळाला नाही. दात, टोकं, 11 डॅम्पर आणि चार शिशाची वजनं, हे सगळं धरलं तर खर्च पेटीच्या वाढणाऱ्या किमतीइतकाच किंवा जास्त होतो. सबंध सिलिंडरच्या पिना नव्याने भरायच्या असत्या तर तो प्रश्नच उरला नसता, तो खर्च अशा पेटीच्या किमतीच्या पलीकडे जातो. म्हणून विक्रीसाठी दुरुस्ती नको. फक्त शिशाची पूड टिपून काढायची.

24 नोव्हेंबर: आकडा

तीन आकडे वेगवेगळे लिहून दिले, कारण एकच आकडा सगळीकडे चालत नाही.

इन्व्हेंटरीसाठी, आहे त्या स्थितीत, भारतातल्या विक्रीचा: 40,000 रुपये.
घाईने स्थानिक दुकानात विकली तर: 20,000 ते 25,000.
विम्यासाठी, तशीच दुसरी शाबूत पेटी देशातच मिळवायची धरून: 90,000.

सोबत दातांची पट्टी, दोषांची यादी, आठ रेकॉर्डिंग, कागदाचे आणि क्रमांकाचे फोटो जोडले. यादीत "दात 9, 10 नाहीत, 31, 58, 63 टोक नाही, 3 ते 6 शिसं खराब, डॅम्पर 11 निकामी, चकती साफ, आठ चाली वेगळ्या" असं लिहिलं. वारसांपैकी कोणी पुढे किमतीवर हरकत घेतली तर बोलायला कागद असावा.

खर्च: भिंग 450, आरसा 120, व्हर्निअर 950, हायग्रोमीटर (आर्द्रता मोजायला) 550, सिलिका जेल 280, घड्याळाचं तेल 400, सुतार 800, सगळा प्रवास 2,900. एकूण 6,450 रुपये. तास 46. त्यातले 17 वाया गेले: मागितलेल्या किमतींचा तक्ता, सिलिका जेलची दुरुस्ती आणि 75 दातांवर केलेला पहिला हिशेब.

पेटी परत सागवानी कपाटात, आतल्या भिंतीकडे, चाल संपलेल्या जागी थांबवून ठेवली आहे. कपाटात 100 ग्रॅमची पुरचुंडी आहे, आज काटा 61 वर. आजींना तेलाची बाटली दाखवून सांगितलं आहे, वर्षातून एकदा, सुईच्या टोकाएवढं, पंख्याच्या दोन टेकूंना. खोबरेल नको.